काशीकरबाईंनी मशीनवाला शोधला

यशोधरा काशीकर मूळच्या वलवणच्या. धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाणी ही विचार करण्यासारखी गोष्ट वाटत नाही. तिथं साबण हातावर नुसता फिरवला तरी फेस होतो आणि डाळ दोन शिट्यांत मेणासारखी मऊ होते. लग्नानंतरही त्या फार लांब गेल्या नाहीत. केशव काशीकर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, क्वार्टर लोणावळ्यातच मिळालं, आणि बाईंना तिथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली. ती त्यांनी एकतीस वर्षं केली.

सहायक म्हणजे द्रावणं बनवून ठेवायची, काचसामान धुवायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. शिकवायचं काम प्राध्यापकांचं. पण एखाद्या पोरानं प्रयोग न करताच वहीत आकडा ठोकून दिला असेल, तर तो प्राध्यापकांच्या आधी काशीकरबाईंना कळायचा. त्या रागवायच्या नाहीत. पोराला ओट्याशी न्यायच्या, हातात ब्युरेट द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता माझ्यासमोर कर." बस. या स्वभावामुळे त्यांच्याशी कुणी लाडानं बोलायचं नाही, पण परीक्षेच्या दिवशी त्या रजेवर असल्या तर सगळ्या विभागाची तारांबळ उडायची.

दोघं वर्षभराच्या अंतरानं निवृत्त झाले आणि बेगडेवाडी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर एका नव्या सोसायटीत त्यांनी छोटं बैठं घर बांधलं. वीस-बावीस घरांची वस्ती, मागे शेतं. ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड तासभर यायचं. बाकी सगळा कारभार स्वतःच्या बोअरवर. बोअरला पाणी भरपूर लागलं म्हणून केशवरावांनी पेढे वाटले होते.

चार महिन्यांत त्या पेढ्यांची चव उतरली. तुरीची डाळ पाच शिट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळा राहायचा. आंघोळ करून आलं की अंग ओढल्यासारखं व्हायचं, केशवरावांना तर खाजही सुटायची. नवे कोरे नळ पांढरे पडले. दुसऱ्या हिवाळ्यात गिझर बंद पडला तेव्हा इलेक्ट्रिशियननं त्यातली कॉइल बाहेर काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर बोटभर जाडीचा, चुनखडीसारखा टणक थर बसला होता. पाणी जड आहे, मशीन बसवून घ्या, नाहीतर दरवर्षी हेच, असं सांगून तो गेला.

बाईंनी आधी पाणी मोजायचं ठरवलं. दोन बाटल्या घेतल्या, एक बोअरची, एक ग्रामपंचायतीच्या नळाची, आणि सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या नव्या सहायकानं त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पदर खोचून ओट्याशी उभ्या राहिल्या. दुष्फेन, म्हणजे जड पाणी तपासायचा प्रयोग त्यांनी आयुष्यात हजारदा मांडून दिला होता, पण स्वतःच्या घरचं पाणी त्यांनी पहिल्यांदाच चंचुपात्रात ओतलं. सूचकाचे थेंब पडताच ते डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं, आणि ब्युरेटमधलं द्रावण थेंबाथेंबानं सोडत गेल्यावर बऱ्याच वेळानं निळं झालं. बोअरचा आकडा आला चारशे ऐंशी. नळाच्या पाण्याचा पंचावन्न. बाईंनी तीनदा करून पाहिलं, मग कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं.

म्हणजे मशीन हवं होतं यात शंका उरली नाही. प्रश्न होता तो घ्यायचं कुणाकडून.

केशवरावांनी फोनवर एका जाहिरातीवर बोट दाबलं आणि नाव-पत्ता भरला. तासाभरात पाच कंपन्यांचे फोन आले. त्यातल्या एकीचा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात हजर. श्रीयश त्याचं नाव, पस्तिशीचा, गळ्यात टाय, बोलायला गोड. त्यानं टेबलावर दोन पेले मांडले, एकात घरचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं शुद्ध पाणी. मग दोन-दोन सळया असलेलं एक यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात घरच्या पाण्यावर तपकिरी, हिरवट घाण तरंगायला लागली. दुसरा पेला जसाच्या तसा. केशवरावांनी नुकतंच तोंडाला लावलेलं पाणी खाली ठेवलं.

"हे तुम्ही रोज पिताय, काका," श्रीयश हळू आवाजात म्हणाला.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चिमूटभर मीठ घेऊन आल्या. ते त्यांनी त्या शुद्ध पाण्याच्या पेल्यात टाकलं, ढवळलं आणि म्हणाल्या, "आता पुन्हा लावा."

तो घुटमळला. बाईंनी स्वतःच बटण दाबलं. मिनिटभरात तिथंही तशीच तपकिरी घाण वर आली. ती पाण्यातली नव्हती, सळईच्या लोखंडाची होती; पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते, एवढाच त्यातला चमत्कार. बाईंनी हे त्याला वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं. श्रीयशनं मान खाली घालून सामान आवरलं. जाताना म्हणाला, "काकू, मला हे असंच शिकवलंय. खरंच." बाईंना ते खरं वाटलं. त्यांनी त्याला चहा दिला, पण मशीन घेतलं नाही.

त्यानंतर बाईंनी एक प्रश्न ठरवून टाकला. मशीन बसवल्यावर टीडीएस किती कमी होईल, हा तो प्रश्न. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून आकडा. जड पाण्याचं मशीन क्षार काढून टाकत नाही. चुन्याचा अंश घेतं आणि त्याच्या जागी मिठाचा अंश सोडतं. साबणाला फेस येतो, नळ पांढरे पडत नाहीत, पण टीडीएस आहे तिथंच राहतो. ज्याला आपल्या मालाची माहिती आहे तो खरं सांगेल, ज्याला फक्त विकायचं आहे तो अर्ध्यावर येईल म्हणून सांगेल, असा बाईंचा हिशेब. तळेगावातल्या एका दुकानदारानं शंभराच्या खाली आणून देतो म्हणून छातीठोक सांगितलं. दुसऱ्याकडे मीठबीठ काहीच नव्हतं, पाइपवर बाहेरून चुंबक बसवायचे होते. पाणी आधी आणि नंतर मोजून दाखवाल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, की आकड्यांत काय आहे, अनुभव घ्या. तिसरं मशीन नेटवर निम्म्या किमतीत होतं. त्याच्या दुरुस्तीच्या नंबरवर बाईंनी आधीच फोन लावून पाहिला, तो चार दिवस कुणी उचलला नाही.

उन्हाळा लागला. केशवराव कंटाळले. बादलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेताना रोज म्हणायचे, की आपल्या मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती. बाई म्हणायच्या, जावई बिघडला असता तर मुलगी परत आली असती, हे धूड कोण परत घेणार?

मे महिन्यात एका सकाळी मागच्या कुंपणाशी कोंडाजी आबा येऊन उभे राहिले. सोसायटीच्या मागचं शेत त्यांचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलणं मोजकं. बाईंशी त्यांची ओळख मेथीच्या जुडीपुरती.

"बाई, तुमी बी ती मिठाची मशीन बसवताय म्हनं?"

बाईंनी हो म्हटलं. आबांनी त्यांना कुंपणातून पलीकडे यायला सांगितलं आणि कोपऱ्यातला मेथीचा वाफा दाखवला. एका बाजूची मेथी हिरवी, दुसऱ्या बाजूची पिवळी पडून करपलेली, मातीवर पांढरट पापुद्रा. कोपऱ्यावरच्या बंगल्यानं वर्षभरापूर्वी असंच मशीन घेतलं होतं. ते मशीन दर दोन-तीन दिवसांनी मिठाच्या पाण्यानं स्वतःला धुऊन घेतं, आणि ते खारं पाणी बसवणाऱ्यानं सरळ मागे, शेताच्या अंगाला सोडून दिलेलं. आबांनी बंगलेवाल्याला सांगितलं, तो म्हणाला कंपनीला सांगा. कंपनीचा माणूस फिरकला नाही. आता मात्र ते पाणी यायचं बंद झालं होतं.

"मग थांबलं कसं?" बाईंनी विचारलं.

"वडिवळ्याचा एक जन आलता मशीन दुरुस करायला. आदिनाथ नाव त्येचं. मी काय बोललो न्हाई त्येला. त्येनंच वाफा बघितला, मालकाला हितं आनून दावलं, आन् पाइप फिरवून रस्त्याच्या गटारात सोडला. मशीन त्येनं इकल्याली बी नव्हती." आबांनी पायानं मातीवरचा पापुद्रा उकरला. "मानूस सरळ हाय. त्येला इचारा."

आजवर मशीन विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी बाईंना नावं सुचवली होती. ज्याच्याकडे मशीन नाही, उलट ज्याचं त्यापायी नुकसान झालं, अशा माणसानं दिलेलं हे पहिलंच नाव. कोपऱ्यावरच्या बंगल्यातून त्यांनी त्याच दिवशी नंबर मिळवला.

आदिनाथला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी तो पनवेलकडे कामावर होता. दुसऱ्या वेळी जुलै उजाडला होता आणि घरी भातलावणी चालू होती. आठ दिवस जमणार नाही, घाई असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. केशवरावांना ते आवडलं नाही. बाईंनी आठ दिवस वाट पाहिली.

तो आला तेव्हा नखांत अजून चिखल होता. चाळिशीचा, अंगानं काटक. आधी एका मोठ्या कंपनीत मशीन बसवायचा, सहा वर्षांपासून स्वतःचं काम करतो, असं त्यानं विचारल्यावर सांगितलं. पेले मांडले नाहीत. घरात माणसं किती, पाहुणे किती येतात, टाकी केवढी, हे विचारत त्यानं गच्चीपासून मोटारीपर्यंत सगळं पाहिलं. मग खिशातून थेंबांची छोटी बाटली आणि एक काचेची नळी काढली, बोअरचं पाणी घेतलं आणि थेंब मोजत बसला. नळीतलं पाणी लाल होतं ते निळं झालं.

"पावणेपाचशे ते पाचशेच्या मधे आहे, मॅडम. या थेंबांनी यापेक्षा बारीक मोजता येत नाही."

बाईंनी त्याला आपला कागद दाखवलेला नव्हता. तो पर्समध्येच होता. त्यांच्या मनाला एकदम बरं वाटलं, एखाद्या पोराच्या वहीत खरा आकडा सापडल्यावर वाटायचं तसं. तरी त्यांनी ठरलेला प्रश्न विचारलाच.

"टीडीएस आहे तेवढाच राहणार," आदिनाथ म्हणाला. "झाला तर थोडा वाढेल. ते या मशीनचं काम नाही." आणि मग त्यानं एक असा प्रश्न विचारला जो बाईंनाही सुचला नव्हता. "घरात कुणाला बीपी आहे का?"

केशवरावांना होता. गोळी चालू होती, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आदिनाथ म्हणाला, की मग स्वयंपाकघराचा नळ मशीनला जोडायचा नाही. न्हाणीघर, गिझर आणि कपड्यांचं मशीन, एवढ्यालाच जोडू. पिण्याला आणि डाळीला ग्रामपंचायतीचं पाणी भरून ठेवा, ते मऊ आहे. केशवराव म्हणाले, अहो, पण डाळीसाठी तर सगळा घाट घातला. आदिनाथनं खांदे उडवले. डाळीसाठी मशीन लागत नाही, कळशी लागते, असं तो म्हणाला, आणि एवढ्या महिन्यांत केशवराव पहिल्यांदा मशीनच्या विषयावर हसले.

निघताना बाईंनी त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. तो पाच-सहा नंबर लिहायला लागला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

"खूश असलेले नकोत. तुमच्यावर कुणी चिडलं असेल, त्यांचा द्या."

आदिनाथनं लिहायला घेतलेला कागद उलटा केला. मग एकच नंबर लिहिला. कामशेतच्या लीलाबाई, त्यांची खानावळ आहे, वर शिकाऊ पायलटांना भाड्यानं खोल्या देतात. छत्री घेऊन डोंगरावरून उडणारी पॅराग्लायडिंगची मंडळी तिथं उतरतात, ती. "त्यांनी मला लई शिव्या घातल्यात," एवढंच त्यानं सांगितलं.

बाई दुसऱ्याच आठवड्यात कामशेतला गेल्या. दहा मिनिटं बोलून परत फिरायचा विचार होता, पण या मार्गावर दुपारी बराच वेळ लोकल नसते हे रेल्वेवाल्याच्या बायकोनंच विसरावं याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. लीलाबाईंनी त्यांना जेवायला बसवलं. गर्दीची वेळ सरेपर्यंत बाई आमटी-भात खाऊन कोपऱ्यात बसून राहिल्या. मग लीलाबाई हात पुसत समोर येऊन टेकल्या आणि आदिनाथचं नाव निघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

झालं होतं असं. आदिनाथनं तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मशीन बसवलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी बोअरचं पाणी गढूळ झालं, तांबडा गाळ आत जाऊन मशीन पार तुंबलं, आणि उडायचा हंगाम सुरू होताच वरच्या चौदा माणसांना आंघोळीला पाणी नाही. लीलाबाईंनी त्याला फोनवर नको नको ते ऐकवलं.

"आला का मग?" बाईंनी विचारलं.

"त्याच सांजच्याला आला. आन् काय म्हनला ठाव हाय? 'मावशी, चूक माझी हाय. गाळ अडवायची जाळी आदी बसवाया पायजे हुती, मी बसवली न्हाई.' मी तर भांडायच्या तयारीत हुते. आता सवताच चूक म्हनला तर भांडू कुनाशी?" लीलाबाईंना अजूनही त्याचा रागच आलेला दिसत होता. "आतला समदा माल बदलून दिला, जाळी बसवली. पैसं घेतलं न्हाईत. आता पावसाच्या आदी दर वर्साला न बोलवता येतो. पन चौदा मान्सं बिन-आंगुळीची ठेवली त्यानं, ते काय मी इसरनार न्हाई."

वर जाऊन बाईंनी मशीन पाहिलं. नळाखाली हात धरून साबण लावला. मग खाली येऊन लीलाबाईंचा निरोप घेतला आणि साडेतीनच्या सुमारास स्टेशनवर जाऊन बसल्या. घरी पोचल्यावर केशवरावांनी विचारलं, काय म्हणतात? बाई म्हणाल्या, शिव्या देतात. मशीन त्याच्याकडूनच घेऊ.

पण आदिनाथ लगेच बसवायला तयार झाला नाही. घराचा सगळा उतार मागे, आबांच्या शेताकडे होता. खारं पाणी पुढच्या रस्त्यापलीकडच्या गटारात न्यायचं तर अंगणाखालून लांब पाइप टाकावा लागणार आणि त्यासाठी सोसायटीचा रस्ता खोदायला परवानगी हवी. ती येईपर्यंत मी मशीन आणणार नाही, असं तो म्हणाला. सोसायटीचे सचिव राजेंद्र यांना रस्ता खोदणं मंजूर नव्हतं. नुकताच डांबरी केलाय, एकाला दिलं तर सगळे मागतील, हे त्यांचं म्हणणं. केशवरावांनी सुचवलं, तोवर मागे सोडू, पावसाळा आहे, वाहून जाईल.

बाईंनी ते उडवून लावलं. मग राजेंद्रना घेऊन त्या कुंपणापलीकडे गेल्या. करपलेला वाफा तेव्हा भाताच्या खाचराला लागून तसाच पडीक होता; आबांनी तिथं काही पेरलं नव्हतं. आबा बांधावर उभे होते. राजेंद्र बराच वेळ खाली वाकून ती माती पाहत होते. सप्टेंबरच्या सभेत रस्ता आडवा कापून सगळ्याच घरांसाठी एक सामाईक पाइप टाकायचा ठराव झाला, आणि यापुढे कुणीही मशीनचं पाणी मागे सोडायचं नाही, असंही त्यातच लिहिलं गेलं.

दसऱ्याच्या आधी मशीन बसलं. बाईंनी पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्यानं पाणी तपासलं. जडपणाचा आकडा तीसच्या आत येईल असं आदिनाथनं सांगितलं होतं, तो पंचवीसवर होता. केशवरावांच्या अंगाची खाज थांबली. डाळ कळशीतल्या पाण्यात शिजत होती, तीन शिट्यांत.

मग वस्तीतली माणसं यायला लागली. कुणाकडून घेतलंत, नंबर द्या. बाई नंबर देण्याआधी पाणी आणायला सांगायच्या. त्यांनी आदिनाथकडून तशीच थेंबांची बाटली मागवून घेतली होती. शाळेत शिकवणारी अपूर्वा बाटली घेऊन आली, तिच्या बोअरचा आकडा एकशे दहा निघाला. बाईंनी तिला सांगितलं, की तुला मशीनची गरज नाही, नळ महिन्यातून एकदा लिंबानं घास. अपूर्वाला ते पटेना. शेजारी मशीन आहे आणि आपल्याकडे नाही, याची तिला रुखरुख होती. तिनं बाईंच्या देखतच आदिनाथला फोन लावला. त्यानं आकडा विचारला आणि बाई म्हणतात तेच खरं, म्हणून सांगितलं. नंतर बाईंना वेगळा फोन करून तो म्हणाला, "तुमच्यामुळं माझी दोन गिऱ्हाइकं आली आन् तीन गेली." पण तो रागावलेला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, बाईंनी सवयीनं बोअरचं पाणी तपासलं तर आकडा चारशे ऐंशीवरून तीनशे साठवर आलेला. पावसाचं पाणी जमिनीत मुरून बोअरला मिळालं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं, मग आदिनाथला फोन केला. पाणी हलकं झालंय, तेव्हा मशीन आठवड्यात तीन वेळा धुवायची गरज नाही, दोनदा पुरेल, मीठही वाचेल. येऊन धुण्याच्या वेळांची जुळणी बदलून जा.

पलीकडे चिखलात बैल हाकल्याचा आवाज येत होता. आदिनाथ म्हणाला, मशीन बंद पडलं म्हणून रोज फोन येतात, कमी चालवा म्हणून आजवर कुणाचा आला नव्हता. लावणी उरकली की गुरुवारी येतो.

तो शुक्रवारी आला. बाईंनी तोवर मशीनची पुस्तिका वाचून जुळणी स्वतःच बदलली होती. त्यानं ती तपासली, बरोबर होती, आणि चहा घेऊन तो पुढच्या कामाला गेला.